काल्पनिक भाडेकरू

कायदा म्हणतो: समजा, ही जागा रिकामी आहे.
समजा, दारावर पाटी आहे, भाड्याने देणे.
समजा, एक माणूस येतो, व्यवहारी,
ना अडलेला ना उतावळा,
आणि वर्षाच्या बोलीवर विचारतो, काय घ्याल?
घासाघीस करून तो जे कबूल करेल
त्यावर कौन्सिलचा कर.

बाजारात तुरी. तरीही एकोणीस वर्षं
मी त्या माणसाला घेऊन फिरतोय
हायलँड्सच्या एकेरी रस्त्यांवर, शेजारच्या सीटवर.
त्याला पट्टा लागत नाही.
त्यानं मासळीची शीतगृहं घेतलीत भाड्यानं,
व्हिस्कीच्या भट्ट्या, एकदा तर
दफनभूमीला लागून असलेलं पार्किंग.

ऑल्ट रुआ नावाच्या ओढ्यावर
आम्ही पोचलो ऑक्टोबरच्या मध्यावर.
गुडघाभर दगडी बांध,
उतारात नऊशे मीटर गाडलेला पाइप,
खाली हिरव्या पत्र्याची खोली,
आत एक चाक. अठ्ठ्याण्णव किलोवॅट.
मालक: गाव. म्हणजे सदतीस घरं आणि एक बंद शाळा.

हिशेब साधा. विकलेली वीज, वजा खर्च,
वजा भाडेकरूचा वाटा,
कारण कायद्यापुरतं का होईना, त्यालाही पोट आहे.
उरेल ते भाडं.
तारीख मात्र दोन वर्षांमागची धरायची, एक एप्रिल.
त्या साली पावसानं हात राखला नव्हता.

यंदा जूनपासून सात आठवडे चाक बंद होतं.
ओढ्याच्या तळातून मेंढ्या चालत गेल्या
पाय न भिजवता.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून,
एवढं कायद्यालाही कळतं.
फक्त त्याचा आड दोन वर्षं जुना आहे.

चिर्स्टी मॅक्वॅरी, गावाची खजिनदार, वय एकाहत्तर,
हे सगळं ऐकून घेते
आणि वह्या पुढे सरकवते. चोख वह्या.
विमा, ग्रीस, बेअरिंग, पाइपाचं एक वेल्डिंग.
मजुरी: शून्य.
त्या शून्यानं नफा फुगला होता,
नफ्यानं भाडं,
भाड्यानं कर.

शून्य कसं, मी विचारलं.
तिनं दाराआडचं दंताळं उचललं
आणि चढायला लागली.

बांधाच्या जाळीवर रोवनची पानं, बर्चची,
कुजकं नेचं, कुणाचा तरी हातमोजा.
तीन बोटं थर साचला की खाली चाक धापा टाकतं
आणि तिच्या उशाशी फोन वाजतो.
रात्री दोन, अडीच.
ती डोक्याला दिवा बांधून निघते.
कधी टपालवाला डूगी जातो.
कधी कुणीच जात नाही, म्हणजे पुन्हा तीच.

"तुमचा तो माणूस," जाळी खरवडता खरवडता ती म्हणाली,
"त्याला जमेल हे?"

मी खाली गाडीकडे पाहिलं.
इतक्या वर्षांत
त्याच्या पायात काय असतं ते मी पाहिलं नव्हतं.
तो येणार नाही, मी म्हटलं. गडी ठेवेल.
"फुकट?"
तो फुकट काही करत नाही, बाई.
कायद्याला तो आवडतो तो त्यासाठीच.

बॉनेटवर कागद ठेवून मी लिहिलं:
जाळी साफ करणे, वर्षाला दोनशे बारा तास,
पैकी रात्रीचे दीडपट दरानं.
नफा उतरला. भाडं उतरलं.
कर इतका खाली आला की
शाळेचं छप्पर पुन्हा बैठकीत घेता येईल.
तिनं आकडा दोनदा वाचला, चष्मा पुसून.

"म्हणजे त्याला मजुरी मिळाली."
कागदावर, मी म्हटलं.
"आणि आज रात्री?"

याला माझ्याकडे रकाना नव्हता.
मी दंताळं मागितलं. तिनं दिलं नाही,
माझ्या बुटांकडे पाहून.
वारा सुटला होता.
रोवन अजून अर्धा झडायचा बाकी होता.