पाणी उशिरा उकळतं इथे

पहिल्या सकाळी चहानेच भाजलं.
वर एल आल्तोत, चार हजार मीटरवर,
पाणी लवकर हार मानतं.
बुडबुडे आले की कप सरळ ओठाला.
इथे सखलात, सांता क्रूसमध्ये,
तीच किटली, तीच मी,
पण पाण्याला उकळायची घाई नाही,
आणि उकळलं की ते कुणाला सोडत नाही.
दोन्या देल्मिराने बर्फाचा खडा दिला.
"वरून आलेल्या सगळ्यांचं असंच होतं.
भाडं पाच तारखेला."

मी वजनमापं तपासते.
लाकडी पेटीत, मखमली खळग्यांत,
किलोपासून ग्रॅमपर्यंत उतरत्या भाजणीने पितळ.
अठरा तास बसमध्ये मांडीवर घेऊन आले,
सरकारी मूल, सही करून ताब्यात घेतलेलं.
पायाशी पाच स्वेटर. आईने कोंबलेले.
जगात कुठे थंडीच नसते
हे तिला काही केल्या पटेना.

हे शहर गोल आहे. पत्ता विचारला
तर लोक कडी सांगतात: दुसरं कडं, चौथं कडं.
मी सातव्यात राहते, कचेरी पहिल्यात.
रोज दीड तास कांदा सोलत आत जायचं
आणि संध्याकाळी सालींतून परत.

बाजारात तीन महिने कुणी "बसा" म्हणालं नाही.
"कोया" म्हणायचे, पाठ वळली की. पहाडावरची.
मासळीवाल्या ओस्वाल्दोच्या काट्याखाली
चुंबक सापडलं. मी दंड लिहिला.
"तुमच्याकडे वर मापात पाप नसतं वाटतं?"
म्हटलं, असतं की.
पण तिथे हात गारठलेले असतात, पटकन सापडतात.
तो हसला. दंड भरला नाही.
हसला, एवढं मात्र मी डायरीत लिहून ठेवलं.

नोव्हेंबरात एका रात्री
पत्र्यावर धाडकन काही आदळलं. मग आणखी एक.
दगड, मला वाटलं. माझ्यासाठीच.
पेटी पोटाशी धरून उजाडेपर्यंत बसले.
सकाळी अंगणभर आंबे,
आणि देल्मिरा ते खराट्याने लोटत होती, पाचोळा लोटावा तसे.
दोन खाल्ले. तिसऱ्याचं वजन केलं:
दोनशे चौदा ग्रॅम.

काटा जागेवरून हलवला
की आधी शून्य लावून घ्यायचं.
हे मी दिवसातून चाळीसदा सांगते.
घरी येऊन पंख्याखाली नुसती पडून राहते.

जूनमध्ये दक्षिणेचा वारा आला, सुरासो.
एका रात्रीत शहर कुडकुडलं,
बसचालकांनी कानाला टॉवेल गुंडाळले.
मी खिडक्या उघडल्या
आणि आल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपले.
स्वेटर वाटून टाकले. एक देल्मिराला,
एक ओस्वाल्दोच्या खोकणाऱ्या मुलीला,
बाकीचे कचेरीत, मागितले त्यांना.

मग दिवस मोजणं कधी सुटलं, नोंद नाही.
इथली माणसं शब्दाच्या शेवटचा "स" गिळतात.
एका रविवारी फोनवर आई म्हणाली,
"येसेनिया, तुझा 'स' कुठे सांडलास?"
मी हसण्यावारी नेलं.
ती हसली नाही.

तिसऱ्या वर्षीचा सुरासो.
पहाटे जाग आली ती दातांच्या आवाजाने.
आधी कळेना कुणाचे दात.
कपाट उघडलं: सुती, सुती, सुती.
अनवाणी गेले आणि देल्मिराचं दार वाजवलं.
ती माझा निळा स्वेटर घालून उभी,
कोपरांना तिने तपकिरी ठिगळं लावलेली.
"वाजतेय थंडी?"
"वाजतेय," मी म्हटलं,
आणि माझाच मला आवाज अनोळखी वाटला.
"हा मिळायचा नाही. माझ्या मापाचा झालाय आता."
आत जाऊन तिने नवऱ्याचा कोट आणला,
नाफ्थलीनच्या वासाचा, बाह्या गुडघ्यापर्यंत.
खिशात बसचं जुनं तिकीट होतं,
पहिल्या कड्यापासून सातव्यापर्यंतचं.
मी ते तसंच आत राहू दिलं.