कोना शे?

पथारीवरची मिरची झाकून बाया घरी गेल्या
की आमचं दुकान सुरू होतं.
खाली आडत, वर आम्ही पाच जण,
चार संगणक, एक पंखा,
आणि थोड्या थोड्या वेळानं कुणाची तरी शिंक.
नंदुरबारात रात्रीचे दहा वाजतात
तेव्हा ओहायोत माणसं जेवायला बसतात
आणि जेवताना फोन बघतात.
त्या फोनमध्ये मी असते.

लाल पक्षाचं काम डाव्या फोल्डरात,
निळ्याचं उजव्या.
दोन्हीचे पैसे सुरतेचा एकच माणूस पाठवतो.
साध्या क्लिपचे चाळीस,
राग आणणारीचे साठ,
रडू आणणारीचा दर अजून ठरलेला नाही.
पहिल्या महिन्यात मी विचारलं होतं,
यातला आपला कोणता?
विरल म्हणाला, जो वेळेवर देतो तो.
सगळे हसले. मीही.
त्याच पैशातून आईचा मोतीबिंदू काढला,
हेही सांगायला हवं.

झुलालमामा एकतीस वर्षं एकाच पक्षात.
पद कधी नाही, मागितलंही नाही.
मतदार यादीतले मेलेले कोण
आणि नुसते सुरतेला गेलेले कोण,
त्याला तोंडपाठ.
एकदा भर सभेत साहेब त्याला चुकून तुकाराम म्हणाले,
तर वर्षभर तो त्या नावालाही ओ देत राहिला.

मंगळवारी साहेब दुसऱ्या पक्षात गेले.
किती घेतले?
टपरीवर सकाळी पाच कोटी होते,
दुपारच्या चहाला नऊ,
रात्री शटर ओढेपर्यंत पंधरा.
सोमवारपर्यंत साहेबांना चोर म्हणणारं चॅनल
बुधवारी त्यांच्या लहानपणीची शाळा दाखवत होतं.

चॅनलवाला पेनड्राइव्ह घेऊन जिना चढून आला.
हजारो कार्यकर्ते साहेबांसोबत, अशी बातमी तयार होती.
कार्यकर्ते तेवढे नव्हते.
आठ वर्षांपूर्वीच्या सभेचं फुटेज होतं,
उपरणी पिवळी,
ती जांभळी करायची, सकाळच्या आत.

तिसऱ्या रांगेत मामा.
तोंड उघडं, घोषणेच्या मधोमध अडकलेलं,
मिशीत गुलाल.
मी थांबले का? थांबले,
पंख्याचे दोन-चार फेरे होतील तेवढी.
मग गळ्याच्या कडेकडेनं नीट रंगवत गेले,
दाढीच्या खुंटांवर जांभळा सांडू दिला नाही.
इतक्या निगुतीनं मी कुणाचंच काम केलं नव्हतं.

शुक्रवारी रात्री मामा वर आला, शिंकत.
मोबाइल माझ्यापुढं धरला.
"हाऊ मीच शे का वं पोरी?"
हो म्हटलं.
"मंग मी कोना शे?"
रागावला नव्हता.
हरवलेल्या बैलाची चौकशी करावी
तसं विचारत होता.
गाव विचारतंय, कितला भेटनात.
मामीनंही विचारलं म्हणे,
भाकरी वाढता वाढता, हळूच.

पडद्यावर ओहायोतला एक म्हातारा होता,
पशुखाद्याच्या दुकानासमोर उभा,
कान मोठे, डोक्यावर निळी टोपी.
ती लाल करायची होती. साठवाली.
मामानं चष्मा वर सरकवला, वाकून बघितलं,
बराच वेळ.
"याले बी माहीत नै का?"

मला बोलता आलं नाही.
विरलनं पाण्याची बाटली पुढं केली,
ती मामानं घेतली नाही.
खिशातून खरं पिवळं उपरणं काढलं,
नाक पुसलं,
चार घड्या घातल्या, परत खिशात.
"कर तुनं काम," म्हणाला,
आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरला.

फाईल पाठवायला सात मिनिटं उरली होती.
ओहायोत अजून दुपारच होती.
टोपी छोटी असते.
उपरण्याइतका वेळ लागत नाही.