डेअरीच्या वहीतलं एक नाव

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी
स्वारगेटहून येणाऱ्या मुक्कामी गाडीतून ती उतरली,
पाठीवर पोत्याएवढी बॅग, नाकावरची साल उन्हानं सोललेली.
पानशेतच्या फुगवट्याकाठी आमचं गाव,
तिथं मास्तरीणबाईंच्या ओळखीनं आलेली.
देश फिनलंड. नाव इर्मेली.
गावानं दोन दिवसांत त्याचं इरमाळी केलं,
हौसाक्का तर सरळ इरी म्हणू लागली.

मी डेअरीत दूध मोजतो.
फॅटवरून मला घरं कळतात:
कुणी पाणी घातलं, कुणाची म्हैस आटत चालली,
कुणाकडे रात्री भांडण झालं नि वैरण राहिली.
हिचं काही मोजता येईना.

भर दुपारी, कुत्रीसुद्धा मोरीत जाऊन पडतात तेव्हा,
ही शेलारांच्या पत्र्याच्या खोलीत दार लावून बसे,
तापवलेल्या धोंड्यांवर तांब्यानं पाणी शिंपी,
लालबुंद होऊन बाहेर येई
आणि धावत जाऊन फुगवट्यात उडी.
पोरं बांधावरून टाळ्या पिटत.
"आमच्याकडे यासाठी लाकडं जाळतात," म्हणाली,
"तुमच्याकडे अर्धं काम सूर्यच करतो. फुकट."
फुकट!
बापू शेलार दोन दिवस तो शब्द चघळत राहिला,
तिसऱ्या दुपारी एकटाच आत जाऊन बसला.
बाहेर येऊन एवढंच बोलला, "गुडघा मोकळा झाला."

करवंदं पिकली तशी ती डबा घेऊन रानात जाऊ लागली.
सांगायची, तिकडे रान सगळ्यांचं,
कुणीही जावं, फळं वेचावीत, कोण विचारत नाही.
तशीच एकदा तारेखालून शिरली
कोथरूडच्या डॉक्टरांच्या प्लॉटात.
राखणदार गेनबा काठी उगारून धावला
आणि जवळ येऊन थांबला.
तिनं मोडक्या मराठीत विचारलं, "रान कुणाचं?"

आता गेनबानं काय सांगावं.
सातबाऱ्यावर नाव डॉक्टरांचं,
जाळी त्याच्या चुलत्यानं राखलेली,
आणि खरेदीखतावरचा अंगठा त्याचा स्वतःचा.
त्यानं पळसाचं पान खुडलं, द्रोण केला,
आत काट्यांत लपलेली काळीभोर करवंदं
हात ओरबाडून घेत काढून दिली.
संध्याकाळी तो डेअरीत आला. घरात जनावर नसताना.
उगाच काट्यापाशी उभा राहिला, बोटांना चीक तसाच.

रात्रीचं तिचं वेड मात्र आम्हाला उमगेना.
जेवणं झाली की खळ्यात घोंगडी टाकून वर बघत पडे.
"उन्हाळ्यात चांदण्या," म्हणे. "उन्हाळ्यात चांदण्या!"
आम्हाला वाटे, त्यात काय एवढं.
मग कळलं, तिकडे उन्हाळ्यात अंधारच पडत नाही,
पोरं झोपावीत म्हणून खिडकीला जाड पडदे लावतात.
चांदण्या असतात त्या थंडीतल्या,
दात वाजवत, टोपीखालून बघायच्या.
अंगात सुती झगा, पाय अनवाणी आणि वर हे सगळं सांडलेलं,
पन्नाशी उलटली तरी तिनं पाहिलं नव्हतं.

त्या रात्री मी बाजलं अंगणात ओढलं.
सव्वीस वर्षं पहाटे चारला उठतोय,
वर बघायचं कधी काम पडलं नव्हतं.
लाईट गेलेली. एरवी मी लगेच वायरमनला फोन लावतो.
लावला नाही.

जून लागला आणि ती निघाली.
जायच्या दिवशी पहाटे हौसाक्काच्या म्हशीची धार तिनं काढली,
दोनदा लाथ खाऊन.
किटली घेऊन रांगेत उभी राहिली, गेनबाच्या सुनेच्या मागं.
मी नमुना घेतला, मशीनला लावला,
वहीत लिहिलं: इर्मेली, सकाळ, अर्धा लिटर, फॅट सात पॉइंट एक.

पैसे दहा दिवसांनी होतात. गाडी सातला सुटते.
सत्तावीस रुपये अजून तिच्या नावावर जमा आहेत.
ऑडिटवाले दरवर्षी बोट ठेवतात,
ही कोण, खातं बंद का करत नाही.
मी म्हणतो, गावातलीच आहे.
उन्हाळ्यात येते.