नळी धरणारा

माझं काम नळी धरायचं. बाकी काही नाही.
खाली एलादियो, सामन माशांच्या जाळ्यांच्या तळाशी,
मेलेले वेचून पिशवीत भरतो.
वर मी, बोटीच्या काठावर,
एका हातात पिवळी हवेची नळी, दुसऱ्यात दोरी.
एक हिसका : ठीक आहे.
दोन : हवा कमी पडतेय.
चार : वर घे.
अकरा वर्षांत चार हिसके एकदाच आले.

तेव्हा त्याच्या रक्तात बुडबुडे धरले होते.
इस्पितळातल्या दाबाच्या टाकीत सहा तास बंद.
अर्धं केयॉन गाव लोटलं बघायला,
कुणी पाव आणले, कुणी शिंपल्यांचा रस्सा,
कुणी चोरून सफरचंदाची दारू.
काचेतून तो हात हलवत होता
आणि आम्ही खिदळत होतो.
लाज? कसली लाज?
खोलातून आलेल्या माणसाला होतंच तसं.

मग गेला हिवाळा.
बोट धक्क्याला लागली तरी हा पोशाख उतरवेना,
ओलाच बसून राही.
आम्ही म्हणालो, थंडी आहे.
आम्ही म्हणालो, बायको माहेरी गेलीय.
आम्ही बरंच काही म्हणालो, त्याला सोडून सगळ्यांना.

व्हिडिओ दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा.
फोन बहुतेक साखरेच्या डब्याला टेकवलेला,
कपाळ अर्धं कापलं गेलंय.
मागे दोरीवर त्याचा काळा पोशाख,
मुंडकं नसलेल्या माणसासारखा वाळत.

‘मी एलादियो ग्वाइकीन. पाणबुड्या.
दर मंगळवारी पावणेतीनच्या बसने कास्त्रोला जातो.
दात दुखतो म्हणून सांगत होतो.
इतके दात माणसाला नसतात.
मी मानसोपचाराच्या बाईंकडे जातो.
पहिल्या दिवशी तासभर नुसता वाऱ्याबद्दल बोललो.
त्यांनी ऐकलं.’
मग थोडा वेळ काहीच नाही.
मग पोशाखाकडे वळून, ‘वाळला वाटतं,’ म्हणतो,
आणि संपतं.

मी तो गोधडीत शिरून पाहिला, आवाज बंद करून.
अकरा वर्षं मुखवट्याआडचे ओठ वाचलेत,
आवाज कशाला लागतो.
मग कानात एक बोंडूक घालून परत.
मग परत.

सकाळी धक्क्यावर बर्फवाला रेनेरियो म्हणाला,
‘डोकं फिरलंय त्याचं.
आणि तो पोशाख काय इतक्यात वाळतो होय!’
म्हणजे पठ्ठ्याने शेवटपर्यंत पाहिला होता.
दुकानातल्या ओतिलिया आजींनी
एलादियोला कागद दिला, पेन दिलं :
‘बाईंचा पत्ता लिही रे, भाच्यासाठी.’
आजींना भाचा नाही,
हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.
सगळे बटाटे निवडत राहिले.

सोमवारी तो खाली, मी वर.
पाणी शिशासारखं.
एक हिसका आला. ठीक आहे.
मी दोरीकडे बघत बसलो.
या दोरीला दोन टोकं आहेत,
अकरा वर्षांत हे टोक मी कधी मोजलंच नव्हतं.
चार वेळा ओढली.

तो लगेच नाही आला.
तीन मीटरवर थांबला, नियमाप्रमाणे,
पाण्याखाली त्याचा धूसर डाग, आणि त्याचा श्वास
फुटत फुटत माझ्यापर्यंत.
मग डोकं वर काढून, काच कपाळावर सारून :
‘काय झालं?’

‘दात दुखतोय,’ मी म्हणालो.

त्याने बराच वेळ पाहिलं माझ्याकडे.
बाजूला थुंकला.
‘पावणेतीनची बस,’ म्हणाला,
‘सुटे पैसे आण.’