एकच रेघ

अमळनेरात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
आमची सामायिक वही.
कोणीही लिहावं, कोणीही खोडावं,
पण खोडलेलं वाचता आलं पाहिजे.
एकच रेघ मारायची.

शेवंताबाई बडगुजर कुकर पिशवीत घालून आल्या.
तिसऱ्या दिवशी झाकण उडालं, डाळ छताला.
"चोर शे तो. चोर लिख."
मी लिहिलं : शिट्टी वाजली नाही, असं त्या सांगतात.
"सांगतात?"
भाजलेला हात त्यांनी टेबलावर ठेवला.
तो मी पाहिला.
तेवढं माझ्या सहीनं लिहिलं, तारखेसकट.

पावती तांदळाच्या डब्यात होती.
उंदरानं अर्धा शिक्का ठेवला :
…मल भांडी भांडार.
अर्ध्या शिक्क्यावर अख्खं नाव लिहायचं नाही,
हा नियम माझाच. त्या दिवशी
भातातल्या खड्यासारखा दाताखाली आला.

असे 'मल' बाजारात दोन.
दोघांना चिठ्ठ्या : तुमचं म्हणणं कळवा.
सोभागमल तावातावानं जिना चढला,
बिलबुक आपटलं.
"झाकण उलटं बसवलं बाईनं. हेही लिहा."
लिहिलं. तेवढ्याच अक्षरात.
बिलबुक उघडंच राहिलं,
कार्बनच्या निळ्या ओळीत तारीख, कुकर,
शेवंताबाईंचं नाव.
त्याला दिसलं, मला दिसलं.
गिरणी बंद होती.

नंतर बाईंचा नातू नोंद वाचून दाखवायला आला
आणि समासात पेन्सिलीनं
आजीचा शब्द लिहून गेला.

मी पट्टी लावली.
खाली पट्टा सुरू झाला, टेबल थरथरलं,
रेघ वाकडी आली.
शब्द वाचता येतो.