खुर्ची

मिरजेत, तिसऱ्या मजल्यावर, दर गुरुवारी
मरण कसं सांगायचं ते शिकवतात.
डिग्रजे सिस्टर पेशंट होतात,
हुबेहूब रडतात, मग चहा मागवतात.
'आधी खुर्ची ओढ. उभ्यानं सांगायचं नाही.
आणि तो "पण" गिळून टाक.'

बेड अकरा. बाबालाल नदाफ, सांगलीच्या यार्डातला हमाल.
तळहात चाळीस वर्षांच्या हळदीनं पिवळे,
डोळे दोन महिन्यांपासून.
मी खुर्ची ओढली.
पाठ केलेलं पहिलंच वाक्य
पंख्याच्या आवाजात गेलं.

तोच म्हणाला,
'फुडल्या सौद्याला हाय का वो मी?'
'नाही वाटत.'
'पण' ओठावर आला. गिळला.

त्यानं नखांतली हळद बराच वेळ कोरली.
'उठू नगा लगीच.'

सिस्टर, खुर्ची मागं कधी सारायची
ते राहिलंच शिकवायचं.