हातगाडी, पाच रुपये

रेणापूर सोडलं आणि मागून खडखड सुरू झाली.
हे म्हणाले, भांडी.
भांडी नव्हती. चाकावरचा पत्रा सुटला होता.
बर्दापूरच्या पुढे लिंबाखाली थांबून
माझ्या जुन्या पातळाच्या काठानं तो बांधला.

आठ बाय पाच. आत दोघं झोपतात,
तिसऱ्यानं वाकूनच बोलायचं.
सात महिन्यांचे रविवार एमआयडीसीच्या शेडमध्ये
ठिणग्यांत गेले, आणि आम्ही लातूरचे,
म्हणून पलंगाच्या आधी पाण्याची टाकी बसली.
चाळीस लिटर. घरून भरून आणली,
तळ्याच्या काठी राहायला.

गेटवर लिंबाजी ढाकणे. खाकी स्वेटर, शिट्टी.
पावतीपुस्तकं उलटीसुलटी केली:
दुचाकी दहा, चारचाकी तीस, बस शंभर.
"गाडी म्हणावं तर इंजिन न्हाई,
घर म्हणावं तर चाकं.
इथं ऱ्हायचं म्हंता? कामून? घर न्हाई का?"
आहे. तीन खोल्या. वर गच्ची.
"मंग?"
त्या 'मंग'ला यांच्याकडे उत्तर नव्हतं,
माझ्याकडे तर नव्हतंच.
शेवटी एक पावती फाटली. नाव: शिवहार बिराजदार.
वाहन: हातगाडी. पाच रुपये.

घसरगुंडीच्या मागे, बाभळीखाली जागा मिळाली.
जमीन तिरकी. आत फळीवर ताटलीत पाणी ठेवून
हे वाकून बघत राहिले, पाणी कुठं झुकतं.
एक वीट. मग अर्धी. मग माझी चप्पल.

पाटीवर लिहिलेलं: गवतावर चालू नये,
फुले तोडू नयेत, चूल पेटवू नये.
चौथी ओळ उन्हानं खाल्लेली.
आपण करतोय ते तेच असणार
असं धरून चाललो.

पोरं गेली. झोके थोडे हलून थांबले.
तळं आधी गुळाच्या पाकासारखं, मग शिळ्या चहासारखं.
भाकरी घरचीच, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा.
चहा मात्र केला, छोट्या गॅसवर, चोरून,
आणि त्या वासावर लिंबाजी आले.
नियम सांगायला, वाटलं. कप घेतला. आत डोकावले.
"खाली पत्रा हाय का फळी?"
फळी.
"गारठा येतो?"
थोडा.
"पाच मिन्टं पडून बघू का?"

बूट बाहेर जोडीनं लावले,
पोरगी बघायला आल्यासारखे. शिट्टी खुंटीला.
"चांगलं हाय," म्हणाले,
पुढचा शब्द घोरण्यात गेला.

साडेदहा. अकरा.
हे गाडीच्या पुढच्या सीटवर, मान मागे टाकून.
मग मीच उचलली बॅटरी, काठी,
आणि खुंटीवरची शिट्टी.

कारंज्यापर्यंत गेले. कोरडं, तळाशी चॉकलेटचे कागद.
सिमेंटच्या हत्तीवर बॅटरी मारली. हत्ती जागेवर.
पंपाच्या खोलीचं कुलूप ओढून बघितलं,
कुणी शिकवलं नव्हतं तरी.

शिट्टी कधी वाजवली नव्हती.
मुलींनी वाजवू नये म्हणत. एकोणसाठ वर्षं.
पाण्याशी उभी राहून फुंकली.
आधी नुसती हवा.
मग आली.

पलीकडून एक टिटवी भांडायला उठली,
तिच्यामागं सगळा काठ.
अंधारात चांदवे सरकले, परत जमले.
कुणी विचारलं नाही, कामून.
दुसऱ्यांदा मी जोरात वाजवली.

पहाटे लिंबाजी धडपडत उठले,
डावा बूट उजव्या पायात.
"काई झालं का रातच्याला?"
हत्ती जागेवर आहे, म्हटलं.
हसले नाहीत. शिट्टी स्वेटरला पुसली, गळ्यात घातली.
"आज बी ऱ्हायचंय?"
आणि पावतीपुस्तकं काखेत धरून
बराच वेळ उभे राहिले, दव पडत होतं,
आजची कशातून फाडावी ते ठरवत.